ताटाच्या पलीकडून

परवा रात्री साडेअकराला एका आईचा फोन आला. मुलगी सोळा वर्षांची. गेले पाच महिने जेवण कमी कमी करत आता अर्ध्या भाकरीवर आलेली, आणि ती अर्धी भाकरीसुद्धा तासभर चिवडत बसणारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता तिच्या मर्जीवर सोडू नका, समोर बसा आणि खायला घाला. ती आई म्हणाली, "ताई, मी घालीन हो. कितीही वेळ बसेन. पण एकच भीती वाटते. आज मी बळजबरीनं भरवलं, तर ही पोर उद्या मला माफ करेल का?"

मी फोनवर सुचलं ते सांगितलं. पण झोप लागली नाही. हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. माझ्या आईनं तो कधी शब्दांत विचारला नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तो मी रोज सहा वेळा बघत होते, ताटाच्या पलीकडून. म्हणून त्या आईला, आणि तिच्यासारख्या सगळ्या आईबाबांना, आज सवडीनं लिहितेय.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मी पेशंट होते. आजार म्हणजे काय, हे डॉक्टर तुम्हाला सांगतील. समोर घास घेऊन बसलेल्या मुलीला आतून काय दिसतं आणि काय ऐकू येतं, एवढंच मी सांगू शकते. आणि हो, माझं वजन किती होतं, मी दिवसाला किती खात होते, हे आकडे या लेखात येणार नाहीत. लेख तुमच्या मुलीच्या हाती पडला तर ती सगळ्यात आधी तेच शोधेल आणि स्वतःची बरोबरी करून बघेल. मीही तेच केलं असतं.

२००६ साली साताऱ्यात मी दहावीची परीक्षा दिली आणि मला कावीळ झाली. तेल बंद, तूप बंद, तळलेलं बंद. दीड महिना उकडलेल्या भाज्या आणि फुलके. कावीळ बरी झाली, पथ्य सुटलं नाही. लोक विचारतात, कुठल्या नटीसारखं दिसायचं होतं का? नाही. मला एवढंच आठवतं, की रिकाम्या पोटी डोकं शांत वाटायचं. अकरावी सायन्सला गेले, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत. वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं. दिवसभरात एकच गोष्ट मला नीट जमत होती, ती म्हणजे न खाणं.

आणि आपल्याकडे न खाण्याला मान केवढा! मी गुरुवार धरला, मग शनिवार, मग संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार. आजी शेजारणींना कौतुकानं सांगायची, आमची नात या वयात किती करते बघा. खिचडी तेलकट लागते म्हणून मी केळं खायची आणि तेही निम्मं. नवरात्रात नऊ दिवस मी काय खाल्लं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहाटे उठून अजिंक्यतारा चढायचे, संध्याकाळी पुन्हा. गडावर रोज भेटणारे काका म्हणायचे, "शाब्बास! आजकालच्या मुलांना हे जमत नाही." आजाराला इतकं चांगलं पांघरूण दुसरीकडे कुठे मिळालं असतं? वाढत्या वयाच्या मुलीचे उपवास अचानक वाढू लागले, तर कौतुक करण्याआधी जरा निरखून बघा. एका उपवासासाठी देव अडून बसत नाही.

वैशाखात मी स्वेटर घालून बसायचे. फणीत केसांचे पुंजके यायचे आणि हातांवर मात्र तान्ह्या बाळासारखी मऊ लव आली होती. पाळी थांबली. आईनं जंताचं औषध दिलं, मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी थायरॉइड आणि टीबी तपासला, दुसऱ्यांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पाळी आली आणि घरातल्यांना वाटलं, चला, गाडी रुळावर आली. तिसऱ्यांनी माझ्यादेखत आईला सांगितलं, "दोन ठेवून द्या, मुकाट्यानं खाईल." आई बाहेर येऊन रिक्षात रडली. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहायला हवं. बाहेरचा माणूस आईला दोष देतो, तेव्हा आजाराला बळ मिळतं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती माझ्या आईबाबांना कुणी वेळेवर सांगितली असती तर खूप बरं झालं असतं. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. युद्धानं उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे त्यांना शोधायचं होतं. तत्त्व म्हणून हाती शस्त्र न धरणारे ३६ तरुण स्वखुशीनं त्यात उतरले. शरीरानं आणि मनानं धडधाकट आहेत, हे पारखूनच त्यांना घेतलं होतं. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं जवळजवळ पाव वजन गेलं आणि स्वभावही पार बदलला. माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, भर उन्हाळ्यात कुडकुडू लागली. ताटातल्या घासाचे तुकडे करत तासन् तास बसू लागली. स्वयंपाकाची पुस्तकं जमवून ती रात्री वाचू लागली. प्रयोग संपल्यावर पुरेसं खायला मिळालं, तरी डोकं लगेच ताळ्यावर आलं नाही. काहींचं तर पोट भरलं तरी भूक भागेना.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ढसाढसा रडले. कारण अकरावीत मी स्वतः पुरणपोळ्या करायला शिकले होते. पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, तव्यावरची पोळी फुगली की तिच्यावर तुपाची धार सोडायची, घरातल्या सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचं, आणि आपण ओट्याला टेकून उभं राहायचं. आई म्हणायची, "हिला खाण्यात एवढा रस आहे, मग खात का नाही? मुद्दामच करते." मुद्दाम नव्हते करत. मिनेसोटातले ते बाप्ये जे करत होते, तेच मी करत होते. उपाशी मेंदू असाच वागतो. तुमच्या मुलीचा हेका, खोटं बोलणं, भाकरीचे सोळा तुकडे, दुपट्ट्यात लपवलेला घास, हा तिचा स्वभाव समजू नका. उपासमारीनं त्यातलं बरंचसं आणलेलं असतं आणि अन्नानंच ते जातं. आधी मन बरं होईल आणि मग ती जेवेल, अशी वाट बघत बसू नका. बहुतेक वेळा ते उलट्या क्रमानं होतं.

फक्त एक सांभाळा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, बेताबेतानंच व्हायला हवी. मी चक्कर येऊन पडले, नाडी मंदावली होती, तेव्हा मला पुण्याला नेऊन दाखल केलं.

त्या वॉर्डात दोन सिस्टर होत्या. दोघींनीही मला दूध पाजलं. पेलाही तोच, वेळही तीच, दिवसपाळीला एकदा आणि रात्रपाळीला एकदा. दिवसाच्या सिस्टर पेला आदळून ठेवायच्या. "लोकांना खायला मिळत नाही आणि तुझे नखरे बघा. पलंग अडवून बसलीयस." मी दूध प्यायचे आणि रात्रभर स्वतःला शिव्या द्यायचे. रात्रीच्या सिस्टर यायच्या त्या टेंपरेचरच्या कागदांचा गठ्ठा काखेत घेऊन. आपल्या टेबलावर भरायचे ते कागद त्या माझ्या पलंगाशी स्टूल ओढून भरत बसायच्या. पहिल्या रात्री मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, "तुला नकोय, मला माहितेय. तरी प्यायचंय. मी इथंच आहे." बस, एवढंच. अर्ध्या तासानं मी वळून बघितलं तेव्हा त्या लिहीत होत्या, पेला त्यांच्या हाताशी होता आणि साय धरू नये म्हणून त्यावर बशी ठेवलेली होती.

ती बशी मी विसरलेले नाही.

सक्ती तर दोघींचीही होती. पण एकीची मला आजही टोचते आणि दुसरीची मला आधारासारखी आठवते. हे माझ्या एकटीचं भाबडेपण आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग कळलं, की इतर पेशंटही हेच सांगतात. ब्रिटनमध्ये जेसिंता टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सिया, म्हणजे माझाच आजार, झालेल्या १५ ते २६ वयाच्या २९ मुलींना उपचारातल्या सक्तीबद्दल सविस्तर विचारलं. जिवावर बेतलं असेल तर मनाविरुद्ध उपचार करायला बहुतेकींची हरकत नव्हती. सक्ती झाली असं वाटलं की नाही, हे किती बंधनं घातली यापेक्षा आईबाप आणि डॉक्टर-सिस्टर यांच्याशी नातं कसं होतं, यावर अवलंबून होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातला २००७ सालचा एक अभ्यासही असाच बोलका आहे. दाखल झालेल्या १३९ पेशंटपैकी ४६ जणांचं सुरुवातीला म्हणणं होतं, की मला दाखल व्हायची गरजच नाही. दोन आठवड्यांनी त्यातल्या २० जणांनी मत बदललं होतं. दोन आठवड्यांत! अठरा वर्षांखालच्या मुलांना मात्र जबरदस्ती जास्त जाणवली होती, हेही त्यात आहे. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. आपली मुलं दोन आठवड्यांत आभार मानतील, असं धरून चालू नका. मला दोन वर्षं लागली.

दवाखान्यातून घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पूर्वी या आजारात आईबापांना लांबच ठेवत. राणी व्हिक्टोरियाचे एक वैद्य होते, सर विल्यम गल. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव त्यांनीच १८७०च्या दशकात रूढ केलं. या मुलींची देखभाल करायला घरची माणसं सहसा सगळ्यात वाईट, असं त्यांचं मत होतं. पुढे शंभर वर्षं तीच रीत चालली. पोरीला घरापासून तोडायचं आणि आईला कानकोंडं करायचं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ही रीत उलटी फिरली. तिथल्या डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिलं, की आजार कोवळ्या वयात सुरू झालेला असेल आणि त्याला तीन वर्षांहून कमी काळ झालेला असेल, तर घरच्यांना सोबत घेऊन केलेला उपचार पेशंटला एकटं घेऊन केलेल्या उपचारापेक्षा सरस ठरतो. त्यातूनच आजची कुटुंबाधारित पद्धत आली. तिचा गाभा साधा आहे. दोष कुणाचाच नाही. आजार वेगळा, मुलगी वेगळी. आणि काही काळापुरतं खाण्याचं काम आईबापांच्या हातात. अमेरिकेत १२१ किशोरवयीन पेशंटवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीनं ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, तर एकेकट्यानं बोलून केलेल्या उपचारानं २३ टक्के. म्हणजे निम्मी मुलं तेव्हाही पूर्ण बरी नव्हती, हे लक्षात ठेवा. तुमची मुलगी त्या निम्म्यांत राहिली तर तुम्ही कमी पडलात, असा अर्थ काढू नका.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना विचारलं, "रजा किती शिल्लक आहे?" बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी अर्धपगारी रजा टाकली. आईनं शाळेत सकाळचं सत्र मागून घेतलं. दिवसात तीन जेवणं आणि तीन मधली खाणी, मिळून सहा वेळा ताट. आई वाढणार आणि बाबा समोर बसणार. जेवण झाल्यावर तासभर बाथरूम बंद. अजिंक्यतारा बंद.

पहिल्या आठवड्यात मी वरणाची वाटी भिंतीवर मारली. खरंच मारली. पिवळा ओघळ जमिनीपर्यंत आला. मला वाटलं, आता बाबा उठतील आणि मुस्काटात बसेल, म्हणजे एकदाचा हा खेळ संपेल. बाबा उठले नाहीत. आई फडकं घेऊन आली, तिनं जमीन पुसली, हात धुतले आणि दुसरी वाटी भरून आणली. तितकंच वरण, तितकंच तूप. तिचा हात थरथरत होता. वाटी ताटात ठेवताना ती फक्त म्हणाली, "गरम आहे." भिंतीवरचा हळदीचा डाग पुढे रंग देईपर्यंत, चार वर्षं, तसाच होता.

त्या दुसऱ्या वाटीनं माझ्यावर काय परिणाम केला, ते सांगायचा प्रयत्न करते. माझ्या डोक्यात एक हेडबाई राहायची. मी तिला तेच नाव दिलं होतं. हातात कायम छडी. खाल्लंस? किती खाल्लंस? तूप का घेतलंस? मी एक घास कमी केला की तेवढ्यापुरती गप्प, लगेच पुढचा हुकूम. तिच्यापुढे मी एकटी होते. मी आईवर ओरडायचे, "मला नको, मला सोडा", तो आवाज निम्मा हेडबाईचा असायचा. आणि त्याच वेळी आत कोपऱ्यात एक भुकेली, दमलेली मुलगी मनातल्या मनात म्हणत असायची, आई, तू ऐकू नकोस, तू हरू नकोस. ती मुलगी तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. सांगितलं तर हेडबाई तिला फोडून काढेल. आई जेव्हा म्हणायची, "वाढलंय तेवढं संपवायचं, आज यावर बोलायचं नाही", तेव्हा माझ्यावरची निवड टळायची. मी खाल्लं नव्हतं, मला खायला लावलं होतं. हेडबाईला सांगायला मला कारण मिळायचं. त्या वयात, त्या आजारात, यासारखी सुटका नव्हती.

म्हणून एक लक्षात घ्या. "तुला काय हवं ते खा, थोडंसं खा, पण खा," असं म्हणून आपण मुलीला मोकळीक देतो असं तुम्हाला वाटतं. तिला मात्र वाटतं, आईनं मला हेडबाईच्या ताब्यात देऊन दार लावून घेतलं.

बाबा बोलके नाहीत. पहिले दोन दिवस ते माझ्या घासाकडे बघत बसले आणि मला ते असह्य झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर आणला आणि शब्दकोडं काढलं. "आडवा चार. सूर्य. तीन अक्षरी." मी गप्प. "शेवटी र आहे." मी पोळीचा तुकडा तोडत म्हटलं, "भास्कर." ते लिहायचे, पुढचं विचारायचे. "पाण्याचा साठा, दोन अक्षरी." "तळं." "बसतंय." घास थांबला की तेही थांबायचे, पेन्सिल कोड्यावर टेकवून. घास गेला की पुढचा शब्द. तीन महिने, दिवसाला सहा वेळा. कोडी संपली तेव्हा बाबांनी रद्दीवाल्याकडून जुने पेपर आणले. "माझ्यासाठी एक घास" हे त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. माझ्यासाठी एक, आजीसाठी एक, असं म्हटलं की न खाल्लेल्या घासावर एका माणसाचं नाव चढतं. मग न खाण्याचं ओझं असतंच, वर आजीला दुखावल्याचं आणखी एक.

शब्द फार जपून वापरा. दिवाळीत माझी मावशी आली. दारातच म्हणाली, "अगंबाई, किती छान भरलीस गं!" तिनं मनापासून म्हटलं. मला ऐकू आलं, तू जाडी झालीस. पुढचे चार दिवस घरात रणधुमाळी. "तब्येत सुधारली", "आता बरी दिसतेस", "गालावर मांस आलं" या सगळ्याचा आत एकच अर्थ लागतो. दिसण्यावर बोलूच नका, चांगलंही नको. तुम्हाला काही सांगायचंच असेल तर सांगा, की आज तुझे हात गरम लागले. आज तू हसलीस. आज तू माझ्याशी भांडताना जुन्यासारखी भांडलीस. माझ्या काकूनं एकदा मला म्हटलं होतं, "तुझी बडबड ऐकली की घर घरासारखं वाटतं," ते वाक्य मी किती दिवस पुरवून पुरवून वापरलं!

आणि वजन भरून आलं, की तुमची सोबत कमी करू नका. माझ्या आजारातला सगळ्यात वाईट काळ तो होता. काटा डॉक्टरांना हवा तिथे आला, बाबा कामावर रुजू झाले, पेढे वाटले. आणि मी होते एका अशा शरीरात, जे मला माझं वाटत नव्हतं. हेडबाई पूर्वीपेक्षा जोरात ओरडत होती, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. शरीर पुढे निघून जातं, मन मागून रखडत येतं. पेशंटची उपचारांबद्दल एक मोठी तक्रार हीच असते, की सगळ्यांनी आमचं वजन बघितलं, आम्हाला कुणी बघितलं नाही. म्हणून जेवण हातात घ्या, पण दिवसातली एक वेळ अशीही ठेवा, जिच्यात अन्नाचा विषयच नाही. आई मला रात्री केसांना तेल लावायची. त्या वेळी ती शाळेतल्या मुलांच्या गमती सांगायची. जेवलीस का, हा प्रश्न तेलाच्या वाटीजवळ कधी आला नाही.

याच काळात डॉक्टरीणबाईंनी मला दोन पत्रं लिहायला सांगितली, दोन्ही आजारालाच. एक तो मित्र आहे असं समजून आणि एक तो शत्रू आहे असं समजून. ही कल्पना मॉड्स्लीच्याच ल्युसी सर्पेल आणि जॅनेट ट्रेझर यांची. १९९९ साली त्यांनी पेशंटकडून लिहून घेतलेल्या अशा पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. माझं मित्राचं पत्र अडीच पानी झालं. तू मला शिस्त दिलीस, तू मला कुणाची गरज ठेवली नाहीस, वर्गात काही येत नसताना तू माझ्याकडे होतास. शत्रूचं पत्र झालं तीन ओळींचं आणि तेही बाईंना बरं वाटावं म्हणून. बाईंनी ती पत्रं आईबाबांना वाचायला देऊ का, असं मला विचारलं. आईनं मित्राचं पत्र वाचलं आणि ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही तुझ्याकडून एवढं काढून घेतोय." त्या दिवसानंतर ती मला कधी म्हणाली नाही, की इतकं सोपं आहे, खायचं फक्त. तिला कळलं, की मी नुसता घास गिळत नाहीये, एक मैत्री मोडतेय. वर्षभरानं पत्रं पुन्हा लिहिली, तेव्हा शत्रूचं पत्र लांबलं होतं.

आता माझ्याहून वेगळ्या मुलांबद्दल. मला फोन करणाऱ्यांत एक मुलगी आहे, तिचं वजन चारचौघींसारखं. ती खाते, भराभर, रात्री, चोरून, आणि मग उलटी काढते. याला बुलिमिया म्हणतात. तिचे गाल जबड्याजवळ सुजतात, दातांवरचं आवरण झिजलंय, आणि एकदा पोटॅशियम इतकं खाली गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागले. तिनं धीर करून घरी सांगितलं, तर उत्तर मिळालं, "तू कुठे बारीक आहेस?" हाडं दिसेपर्यंत थांबू नका हो. आणि मुलगे! जिमला जाणारा, फक्त अंड्याचं पांढरं आणि उकडलेलं चिकन खाणारा, सणाला घरी न जेवणारा मुलगा आईला शिस्तीचा वाटतो. त्यालाही खाण्याचा असा आजार असू शकतो आणि त्याच्यापर्यंत मदत पोहोचायला जास्त उशीर लागतो, कारण मुलाला हे होऊ शकतं हेच कुणाच्या मनात येत नाही.

माझ्या वेळी बाबांच्या विमा कंपनीनं सलाइनचे पैसे दिले, समुपदेशनाचे नाकारले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यावं लागतं. तुम्हाला नकार आला तर तो तसाच स्वीकारू नका, लेखी मागा. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा, तिथे मराठीतही बोलता येतं. पोरगी बेशुद्ध पडली, छातीत धडधड होते म्हणाली, पाणीही पोटात ठरेना, तर फोनाफोनी नको, सरळ दवाखाना गाठा.

किती दिवस लागतील, हे त्या आईनं मला शेवटी विचारलं. मी खरं सांगितलं. मला पाच वर्षं लागली. मध्ये बारावीला मी घसरले, नोकरीच्या पहिल्या वर्षी पुन्हा घसरले. आज मला एक मुलगी आहे, मी तिच्यासोबत वरणभात खाते आणि तूप स्वतःच्या हातानं घेते. कामाचा ताण आला, की हेडबाई अजूनही दारातून डोकावते. मला तिची चाहूल लागते. मग मी नवऱ्याला सांगते, आज माझ्यासमोर बस.

आणि माफीचं विचारलं होतं, त्याबद्दल. गेल्या दिवाळीत आई दागिन्यांचा डबा आवरत होती. त्यात तिच्या पाटल्या निघाल्या. मी बघतच राहिले. माझ्या आजारपणात त्या तिच्या हातातून दिसेनाशा झाल्या होत्या, आणि इतकी वर्षं मी धरून चालले होते, की माझ्या औषधपाण्यासाठी त्या मोडल्या. ते ओझं मी कुणाला न सांगता बाळगलं होतं. मी म्हटलं, "या तर तू विकल्यास ना?"

"छे गं," आई म्हणाली, "हातातून गळून पडायला लागल्या होत्या. एकदा तर कणकेत सापडली. म्हणून काढून ठेवल्या."

मला कळायला क्षणभर लागला. तेव्हा बाबा माझ्यासमोर बसायचे आणि आई वाढायची. सहा वेळा. ती स्वतः कधी बसलेली मला आठवेचना.

"आई, तू तेव्हा जेवायचीस कधी?"

तिनं पाटली मनगटावर चढवली, जरा अडली, तशी हाताला तेल लावून सरकवली. "आता बघ कशी घट्ट होतेय," म्हणाली, आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.